जिथे पातेरा पडत नाही

आमच्या अंगणात दोन आंबे आणि एक फणस आहे. आंब्याला थोडी तरी लाज आहे, तो पानं गाळायचे दिवस पाळतो. फणस बारा महिने गाळत असतो. पावसाळ्यात तर त्याची ओली पानं जमिनीला अशी चिकटतात की खराट्याने एकेक खरवडून काढावं लागतं. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात खराटा दिला, तेव्हापासून मी पातेरा काढतेय. सकाळी काढला की संध्याकाळी पुन्हा तेवढाच पडलेला असतो. पाहुणे येतात आणि म्हणतात, काय छान सावली आहे हो तुमच्याकडे. मी त्यांना चहा देते.

त्यामुळे गुरुप्रसादने आमच्या ओटीवर बसून मोबाइलवर हिमालयातल्या कुंझुम खिंडीचा व्हिडिओ लावला, तेव्हा तो आणि माझा नवरा रस्ता बघत होते आणि मी झाडं शोधत होते. एकही नव्हतं. दगड, माती, वर निळं आभाळ, मधून एक गाडी धूळ उडवत चाललेली. मी म्हटलं, इथे पानं पडत नसतील. गुरुप्रसाद म्हणाला, वहिनी, तिथे पानं नाही, माणसं पडतात, हवाच नाही तिथे. ते दोघे हसले. मला हसू आलं नाही. मला त्या खिंडीत जाऊन एका दगडावर बसायचं होतं आणि काही करायचं नव्हतं. इतकी साधी इच्छा मला कित्येक वर्षांत झाली नव्हती.

नवऱ्याचं नाव राजेंद्र. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, माघारी आणि लिहिताना तो. पंचायत समितीत कारकून आहे. पावसच्या वाटेवर आमचं गाव, घरामागे हापूसची बाग. बाग नावाला त्याची आणि कामाला माझी. फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंत सगळं मी बघते, आणि पेट्या घेऊन कोल्हापूरला जायची ती बोलेरोही त्याला रजा नसली की मीच चालवते. गुरुप्रसाद हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, मूळचा राजापूरचा, रत्नागिरीत बॅटऱ्यांचं दुकान. या दोघांना हिमालयातल्या उंच खिंडी स्वतःच्या गाडीने ओलांडायच्या आहेत. कधीपासून, ते विचारू नका. मनस्वी, म्हणजे आमची मुलगी, तेव्हा शाळेत जात होती. आता ती पुण्यात नोकरी करते.

बेत दरवर्षी ठरायचा आणि दरवर्षी मोडायचा. त्यात दोष कुणाचा म्हणावा तर पंचांगाचा. त्या खिंडी बर्फातून मोकळ्या होतात जूनमध्ये आणि ऑक्टोबरात पुन्हा मिटतात. नेमक्या त्याच महिन्यांत कोकणी माणूस दावणीला बांधलेला. जूनमध्ये पेरणी, मग लावणी, मग गणपती. गणपतीत तर मेलेलं माणूससुद्धा मुंबईहून घरी येतं म्हणतात, तिथे घरच्याने कुठे जायचं? पुढे कापणी, आणि कापणी आटपेपर्यंत तिकडे बर्फ. एका वर्षी सगळं जुळलं तर रस्ताच दरडीखाली गेला. एका वर्षी गुरुप्रसादच्या पुतण्याचं लग्न निघालं. दरवेळी दोघे थोडे दिवस तोंड पाडून बसायचे आणि शिमग्यानंतर पुन्हा नकाशे उघडायचे.

ते नकाशे बघत आणि मी चहा करत असे. टायरात हवा किती ठेवायची यावर अर्धी संध्याकाळ जायची. नाल्यातून गाडी काढताना पाणी कुठवर चालतं, यावर उरलेली. एकदा त्यांनी प्राणवायूचे डबे मागवले. गेले नाहीतच, मग त्यातला एक राजेंद्रने घाटमाथ्यावर जाऊन बघू म्हणून उघडला आणि घरातच संपवला. मी हे सगळं बघत आले. पुरुषांना बेत करण्यात जे सुख मिळतं त्याला मी कधी नाट लावली नाही. सुख स्वस्तात मिळत असेल तर मिळू द्यावं.

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी झाली. त्यांच्यासोबत जाणारा तिसरा गडी, गुरुप्रसादचा गुहागरचा मेहुणा, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गळला. एवढ्या लांबच्या वाटेला गाडी चालवणारी दोन माणसं पुरत नाहीत. तेव्हा गुरुप्रसाद सहज बोलून गेला, वहिनींना घेऊ की, घाटात नाहीतरी त्याच चालवतात.

राजेंद्र नकाशाची घडी घालायला लागला. कारण ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. कोल्हापूरला जाताना साखरप्यापर्यंत राजेंद्र चालवतो. तिथे आम्ही चहाला थांबतो, आणि चहा झाला की तो काही न बोलता डाव्या बाजूला जाऊन बसतो. आंबा घाट मी चढवते. वर पोचलो की तो पुन्हा चक्र हातात घेतो. तो असं का करतो हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. गुरुप्रसाद एकदा सोबत होता, त्याने ते पाहिलं होतं.

नकाशा बाजूला ठेवून राजेंद्र म्हणाला, चालेल. मग म्हणाला, पण आईचं काय?

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कमलाबाई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि अलीकडे त्यांना मधूनच वार आठवत नाही. शेजारच्या हौसाने रात्री सोबतीला येऊन निजायचं कबूल केलं. पण राजेंद्रच तेव्हा म्हणाला होता, आणि खरंच म्हणाला होता, की आईला असं दुसऱ्याच्या भरवशावर ठेवणं हे याच वर्षी जमेल. पुढच्या वर्षी नाही. मीही तेच धरून बसले होते. या वर्षी गेले तर गेले. नंतर सासूबाई आणि बाग, बाग आणि सासूबाई, आणि मधे फणसाचा पातेरा.

मग मी बेतात उतरले, आणि मी उतरले की कामं होतात. गणपती झाले, पितृपक्ष संपला, की घटस्थापनेच्या सकाळी निघायचं असं ठरलं. शिमल्यावरून किन्नौर, मग स्पिती, काझा, कुंझुम, आणि खाली उतरून मनाली. राजेंद्रची रजा मंजूर झाली. टायर नवे घेतले. मी कुळथाचं पीठ दळून आणलं, कारण कडाक्याच्या थंडीत गरम पिठल्यासारखं दुसरं काही नाही. मनस्वी फोनवर म्हणाली, आई, मीपण येते. तिला सांगितलं, जागा नाही बाळा, मागची बाकडी सामानाने भरली आहेत. ती रुसली. तिच्या रुसण्याचं मला वाईट वाटलं आणि जागा मला मिळाली याचं बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

एका संध्याकाळी ते दोघे नकाशावर बोट ठेवून चिंता करत होते की ग्राम्फूपासून काझापर्यंत मोबाइलला रेंज नाही. काही झालं तर कळवणार कसं? हे त्यांनी संकट म्हणून मांडलं. मला तर ते ऐकून अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. अख्खे दोन दिवस मला कुणी विचारू शकणार नव्हतं की कोकमाच्या आगळाची बाटली कुठे आहे.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. दोन दिवसांनी जेवताना राजेंद्र म्हणाला, निघायच्या आधी पावणाईला कौल लावून घेऊ या.

माझा घास हातातच राहिला. या माणसाने गाडी घेताना कौल लावला नव्हता. मनस्वीला पुण्याला धाडताना लावला नव्हता. बागेतली जुनी कलमं तोडली तेव्हा सासूबाई मागे लागल्या होत्या, तेव्हाही म्हणाला होता, आई, देवीला कशाला त्रास. आता रजा मंजूर, टायर नवे, रस्ता उघडा, कुणाचं लग्न नाही. अडायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं, आणि याला देवी आठवली. देवीला विचारू नका असं घरातल्या सुनेने कसं म्हणायचं?

बाहेरच्यांसाठी सांगते. आमची पावणाई म्हणजे गाभाऱ्यातला काळा पाषाण. त्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला गुरव ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे श्वास धरून उभे राहतात. उजवी कळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. ज्यांच्यासाठी विचारायचं त्यांची नावं गाऱ्हाण्यात स्पष्ट घ्यावी लागतात. ती नावं गुरवाला द्यायची घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने. आमच्याकडे तो मान सासूबाईंचा. त्या दिवशीही त्या हौसाचा हात धरून आमच्या आधीच देवळात गेल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा सखाराम गुरवाने कळ्या लावून ठेवल्या होत्या. गुरुप्रसाद रत्नागिरीहून मुद्दाम आला होता, नारळ घेऊन. सखारामने डोळे मिटून सुरुवात केली. "बाय पावणाये, ह्या घराण्यातला तुझा लेकरू राजेंद्र, आणि त्याचा राजापूरचा मैतर गुरुप्रसाद, गाडी घेऊन लांबच्या मुलखात उंच डोंगर ओलांडायला निघालेत. त्यांनी जावं का नाय, तुझी मर्जी असेल ती दाखव."

मी पुढच्या नावाची वाट बघत होते. ते आलंच नाही. सखारामने हात जोडले आणि तो बाजूला झाला.

खरं सांगते, त्या क्षणी मला डाव्या-उजव्या कळीचं भानच राहिलं नाही. संताप आला. डबे मी बांधले, पीठ मी दळलं, औषधं मी आणली, अर्धा रस्ता गाडी मी चालवणार, आणि देवीसमोर मी नाहीच. सासूबाईंकडे बघितलं तर त्या खांबाला टेकून डोळे मिटून बसलेल्या. त्यांना आजकाल आठवत नाही, त्याला काय करणार, असं म्हणून मी स्वतःला गप्प केलं. इतक्यात कळी पडली. डावी.

राजेंद्रच्या तोंडून श्वास सुटला. मी त्याच्या शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आला. डोक्यावरून भारा उतरवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास होता तो. गुरुप्रसाद हळू आवाजात म्हणाला, देवीच्या मनात नाही तर नाही. आणि तोही फार दुःखी दिसत नव्हता. पन्नाशी उलटल्यावर बेत करणं सोपं असतं आणि जाणं जड, हे दोघांनाही कळलं होतं, फक्त एकमेकांना सांगायचं कसं ते कळत नव्हतं. देवीने त्यांची सोय केली.

घरी येताना मी राजेंद्रला विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? तो म्हणाला, "अगं, तू माझ्यात आलीसच की."

त्या रात्री तो दोन भाकऱ्या जास्त जेवला. दुसऱ्या दिवशी शीळ घालत ऑफिसला गेला. जाताना म्हणाला, नवे टायर फुकट जाणार नाहीत, आंब्याला उपयोगी पडतील. मी हो म्हटलं. कुळथाचं पीठ बरणीत परत ओतलं. शेजारून मागून आणलेले लोकरी मोजे धुऊन परत केले. मनस्वीला फोन केला, तर ती म्हणाली, मला वाटलंच होतं, बाबांचं हे दरवर्षीचं आहे. मी तिला म्हटलं, हो, बाबांचं दरवर्षीचं आहे. माझं पहिल्यांदाच होतं, हे काही बोलले नाही. आईने मुलीकडे रडगाणं गाऊ नये असं मला वाटतं. पण फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिले.

मला दुःख झालं असं म्हणणं खोटं होईल. दुःखाला जोर लागतो. मी दमले होते. इतकी दमले होते की कुणाशी भांडायचं म्हटलं तरी आधी जरा बसून घ्यावंसं वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी अंगण काढत होते. सकाळी पाऊस पडून गेला होता, पानं मातीला चिकटली होती. सासूबाई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. डोळ्यांना दिसत नाही तरी वाती मात्र त्यांच्या बोटांना सापडतात. राजेंद्र ऑफिसला गेला होता. खराट्याच्या आवाजात त्यांनी मला हाक मारली.

"तेजल, तू कधी निघतेस?"

मला वाटलं, विसरल्या. मी जवळ जाऊन जरा मोठ्याने सांगितलं, आई, जायचं रद्द झालं ना, देवीने नको म्हटलं.

"ते त्या दोघांना," त्या म्हणाल्या. "तुला कुठं नको म्हटलान? तुझं नाव घेतलानच नाय सखारामानं."

मी म्हटलं, हे म्हणाले, मी त्यांच्यात आलेच.

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली. "नवऱ्याच्या नावात बायको येत असती, तर माझं नाव येगळं कशाला घेतलान असतं?"

मला काही समजलं नाही. मी खराटा टेकवून पायरीवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मामंजी मुंबईत गोदीत कामाला होते हे ठाऊक होतं. ते गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे, म्हातारपणी कायमचे आले, हेही ठाऊक होतं. पण लग्नानंतर लवकरच त्यांनी लालबागला स्वतंत्र खोली घेतली होती आणि बायकोला घेऊन या असा निरोप धाडला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी ट्रंक भरली होती. लुगडी घड्या करून वरती नवा आरसा ठेवला होता. मग त्यांच्या सासूने म्हटलं, आधी कौल लावू. सखारामचा बाप तेव्हा गुरव होता. त्याने गाऱ्हाण्यात घराण्याचं नाव घेतलं आणि स्पष्ट विचारलं, ह्या घरची सून कमल मुंबईला जाते, जाऊ दे का?

"डावा पडला," सासूबाई म्हणाल्या. "मी ऱ्हायलंय."

मला विचारवेना. सबंध आयुष्य एका कळीने इकडचं तिकडे, आणि बाई ते सांगताना रडत नव्हती, नुसती बोटं कापसावर फिरत होती. खोलीचं काय झालं, मी शेवटी विचारलं. म्हणाल्या, गावातल्याच दुसऱ्या एका जोडप्याला दिली त्यांनी. ती बाई शिमग्याला यायची तेव्हा सांगायची की खिडकीतून गणपती दिसतो.

"तुझं नाव सखाराम इसरला नाय," त्या मग म्हणाल्या. "तो इचारीत होता, सुनेचं घ्यायचं ना? मी बोललंय, नको. तिला नाय बोलला तर ती जायची नाय. मला म्हायत हाय, मी तशीच व्हते." आणि पुन्हा वात उचलून म्हणाल्या, "कौल देवीनं दिलान. नावं मी दिलीत."

मी तिथेच बसून राहिले. मला वाटत होतं की या बाईला वार आठवत नाही. देवळात मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले होते, ते आठवून कानशिलं तापली. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी हात झटकला आणि विचारलं, तिकडे खरंच झाड नाय? मी म्हटलं, खिंडीत तरी नाही. म्हणाल्या, "मंग बघून ये. मला येऊन सांग."

संध्याकाळी राजेंद्र आला. हातपाय धुऊन चहाला बसला तेव्हा मी त्याला सांगितलं की घटस्थापनेला मी निघणार आहे, गाडी घेऊन, आणि पुण्याहून मनस्वीला घेणार आहे. त्याने बशी खाली ठेवली. आधी तो हसला. मग देवीचं नाव काढलं. मी म्हटलं, देवीने राजेंद्र आणि गुरुप्रसाद यांना नको म्हटलंय, मी स्वतः ऐकलंय, तिसरं नाव त्यात नव्हतं. तो म्हणाला, असं कुठे असतं का? मी म्हटलं, सखारामला विचारा. तो आईकडे बघायला लागला. आई वातींचा गठ्ठा बांधत होती.

मग त्याने एकेक अडचण काढली. दोन बायका एवढ्या लांब, लोक काय म्हणतील, नाल्यात गाडी बंद पडली तर, कापणी कोण करणार, आणि शेवटी हुकमी पान टाकावं तसं म्हणाला, आईकडे कोण बघणार?

"तुम्ही आहात की," मी म्हटलं. "देवीनेच तुम्हाला घरी ठेवलंय."

बोलले आणि मलाच वाईट वाटलं. कारण त्याचा चेहरा पडला, आणि तो रागावलेला नव्हता, सापडल्यासारखा झाला होता. चहावर साय धरेपर्यंत तो कपाकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मला घाटात गरगरतं गं. बाजूला दरी दिसली की पाय लुळे पडतात. त्या व्हिडिओतसुद्धा मी दरीकडे बघत नाही."

मी म्हटलं, मला माहीत आहे, साखरप्यापासून माहीत आहे. तो म्हणाला, मग कधी बोलली का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही चहाला थांबत होतात ना, तेवढं पुरे होतं. यावर आम्ही दोघेही जरा हसलो. फार दिवसांनी त्याला माझ्यासमोर लहान व्हायला लाज वाटली नाही आणि मला त्याचा राग धरून ठेवायचा कंटाळा आला. इतकी वर्षं तो खिंडींचे नकाशे बघत होता ते जायला नव्हे, हे मला तेव्हा कळलं. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याभोवती माणूस फिरत राहतो, तेवढंच.

त्यानंतर जो बेत झाला तसा त्या ओटीवर कधी झाला नव्हता. राजेंद्रने माझ्या मोबाइलमध्ये रेंजशिवाय चालणारे नकाशे भरले. नाला ओलांडायचा तर सकाळी लवकर, उन्हाने बर्फ वितळून पाणी वाढायच्या आत, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं की मी वैतागले. काझाला पोचल्यावर एक दिवस नुसतं बसायचं, उंचीची सवय होऊ द्यायची, डोकं दुखलं तर खाली उतरायचं, हट्ट करायचा नाही. गुरुप्रसादला फोन केला, तर तो दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन गाडीची बॅटरी बदलून गेला. जाताना म्हणाला, वहिनी, वरून आम्हाला फोन करा. मी म्हटलं, तिथे रेंज नाही. मनस्वीने रजा टाकली आणि ती पुण्यात बुटांच्या खरेदीला लागली. तिला फोनवर ओरडताना ऐकून मी कुळथाचं पीठ बरणीतून पुन्हा काढलं. आता खरंच जायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त राबले. घरातून बाई बाहेर पडणार म्हणजे आधी घराला पुढच्या दिवसांचं खाऊ-पिऊ घालावं लागतं. भाजण्या, चटण्या, सासूबाईंच्या गोळ्या, बागेत कुठल्या कलमाखाली कुठलं खत. राजेंद्र म्हणत होता, राहू दे, मी करीन. पण तो करील आणि मी नंतर निस्तरीन, त्यापेक्षा आधीच केलेलं बरं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा वाटलं, कशाला हा उपद्व्याप, इथेच पडून राहावं. थकवा जावा म्हणून मी निघाले होते आणि थकव्यालाच बरोबर घेऊन चालले होते.

सकाळी राजेंद्रने गाडी अंगणात लावली. बॉनेटला झेंडूचा हार घातला. हौसा घट बसवायची पत्री घेऊन आली होती, ती दारात थांबली. आमच्याकडे गाडी लांब जायची तर पुढ्यात नारळ धरून मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घालायचं असतं. राजेंद्रने सासूबाईंना धरून गाडीसमोर आणलं आणि त्यांच्या हातात नारळ दिला. मला एकदम धाकधूक झाली. आता त्या नाव घेतील, आणि घेतलं की पुन्हा तेच.

सासूबाईंनी नारळ छातीशी धरला. तोंड देवळाच्या दिशेला केलं, बरोबर, न दिसता. आवाज कापत होता पण मोठा होता.

"बाय माझे पावणाये, ही माझी सून तेजल. ही जाते हाय, नातीला घेऊन जाते हाय. मी तुला इचारीत नाय. तुला सांगतंय. तिची सांभाळणूक कर, आणि सुखरूप माघारी आण."

राजेंद्र बाजूला वळून डोळे पुसत होता. मग त्याने आईच्या हातातून नारळ घेतला, टायरासमोरच्या दगडावर फोडला आणि पाणी गाडीवर शिंपडलं. मी सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी त्यांनी हात झटकला नाही, माझ्या डोक्यावर तसाच राहू दिला, जड आणि गरम.

मी गाडीत बसले. अंगणात रात्रीचा पातेरा तसाच होता, फणसाची मोठमोठी पिवळी पानं. सवयीने माझं लक्ष भिंतीला टेकलेल्या खराट्याकडे गेलं. मग मी गाडी चालू केली आणि त्या पानांवरून बाहेर काढली.